दोन-चार

सोमवारी पहाटे मुंबईहून गाय येते.
शिशाच्या डब्यात, दिसायला एवढीशी,
पण उचलताना काशिनाथ पाय फाकवून उभा राहतो.
आम्ही सगळे तिला गायच म्हणतो.
रोज सकाळी सातला काचेच्या कुपीत धार काढायची.
सोमवारी भरभरून देते, शनिवारी पार आटलेली.
अन् काढलेलं दूधही थांबत नाही कुणासाठी,
सहा तासांत अर्धं.
म्हणून नांदेडच्या या तळमजल्यावर
आधी घड्याळ बघायचं, मग माणूस.

हलीमाबी मणियार, वय एकसष्ट, राहणार वसमत,
हळद शिजायच्या दिवसांत आल्या.
ओढणीला कढईच्या वाफेचा वास.
सोबत जावई, त्याच्या काखेत फाईल,
फाईलमध्ये गेल्या सालचं छातीचं ऑपरेशन.
आता कंबर धरलीय. रात्री कूस बदलता येत नाही.

मी शीर शोधत होते.
केमोनं करपलेल्या शिरा, दोरा जळावा तशा.
एकदा टोचलं, चुकलं.
परत टोचलं, परत चुकलं.
सिरिंजमध्ये वीस मिलिक्युरी, भिंतीवर सेकंदकाटा.
तिसऱ्या वेळी त्यांनीच माझं मनगट धरलं.
"मूठ आवळ म्हणू नको, माय.
आवळलं की हाडच वर येतं.
अंगठा असा आत घे, करंगळीकडं.
अन् बोल माझ्याशी, काही बी बोल.
बोलताना माणूस हात ढिला सोडतं."
मी विचारलं, बाजारात किती हात धरले असतील, मावशी?
"धरलेले कोण मोजतं.
फुटलेल्या बांगड्या याद हायेत."
शीर लागली.

मग तीन तास पाणी प्या म्हटलं,
लघवीला त्या पिवळ्या दाराच्या खोलीत जा,
आणि आज रात्री नातवाला कडेवर घेऊ नका.
त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली.
"माझी नजर लागंल का त्याला?"
नाही, म्हटलं, नजर नाही.
मग काय, ते मला मराठीत सांगता आलं नाही.
"बरं," त्या म्हणाल्या, "लांबून हाक मारीन."

दुपारी त्या यंत्राखाली निजल्या
आणि पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटत गेल्या.
आमच्या चित्रात उलटं असतं,
जिथं उजेड जास्त, तिथं काळं.
कवटी, खांदे, बरगड्यांची पडवळं, सगळं फिकट, शांत.
कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यावर
दोन काळ्याभोर टिकल्या.
मी ब्राइटनेस कमी करून पाहिला.
होत्या तिथंच होत्या.

पुढचे दहा दिवस त्या पलीकडच्या खोलीत जात,
जिथं दार हातभर जाड आहे
आणि आत कुणालाच थांबता येत नाही.
पाठीवर जांभळ्या शाईचा चौकोन,
पुसू नका, साबण लावू नका.
कॉरिडॉरमध्ये भेटल्या की सांगायच्या,
"काहीच होत नाही गं आत. भाजत नाही, टोचत नाही.
नुसतं कुणीतरी लांबून बघितल्यासारखं."
सातव्या दिवशी म्हणाल्या, रात्री कुशीवर झोपले.
आठव्या दिवशी उलटी झाली.
नवव्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

दहाव्या दिवशी वर्तमानपत्रात बांधलेली पुडी दिली.
"दोन-चार आहे तुझं माप."
कधी घेतलं?
"त्या दिवशी. तू माझी शीर शोधत होतीस तेव्हा."

ड्युटीवर मी बांगड्या घालत नाही.
हातमोजे फाटतात, आणि तसाही
माझ्या बोटात एक मोजमापाची अंगठी असतेच,
तीन महिन्यांनी हिशेबाला जाणारी.
पण बाहेर नेण्याची प्रत्येक वस्तू तपासायची असते,
नियमच आहे. म्हणून संध्याकाळी
पुडीवरून काउंटर फिरवला.
टक्.
बऱ्याच वेळानं, टक्.

तेवढं तर भिंतीच्या विटांनाही असतं,
गोदावरीकाठच्या गाळालाही.
आम्ही शून्य कधी लिहीत नाही.
वहीत लिहिलं: पार्श्वभूमीइतकं.
सही केली, वेळ टाकली,
आणि बसस्टँडपर्यंत ती पुडी
अंगठा आत घेऊन, ढिल्या हातानं नेली.